ट्रफलमध्ये फुलांचा सुगंध उतरवायचा कसा?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. श्रावणात धाकट्या बहिणीची मंगळागौर आहे आणि त्या दिवशी येणाऱ्या सवाष्णींना देण्यासाठी गुलाबाचे व मोगऱ्याचे मिळून चाळीसेक ट्रफल, म्हणजे मऊ चॉकलेटचे गोळे, घरीच करावेत, अशी आपली इच्छा आहे. पहिल्या वेळी वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन चमचे गुलाबपाणी घातले आणि पाहता पाहता त्याचा कणीदार गोळा झाला. दुसऱ्या वेळी बाजारातला इसेन्स घातला, तेव्हा मिश्रण छान जमले, पण खाणाऱ्यांनी साबणाची आठवण झाल्याचे सांगितले. आता ‘कोणता इसेन्स चांगला आणि किती थेंब घालावा’ असे आपण विचारले आहे.

गेली चौदा वर्षे मी पुण्यात घरीच चॉकलेट तयार करून विकते आणि फुलांच्या स्वादाचे ट्रफल हा त्यातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. त्या अनुभवावरून सांगते की, आपली अडचण थेंबांच्या हिशेबाची नाही. सुगंध चॉकलेटपर्यंत कशाच्या मार्फत पोहोचवायचा, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या वेळी आपण तो पाण्यावाटे पाठवला आणि दुसऱ्या वेळी बाटलीतून. फुलाचा वास मुख्यतः स्निग्ध पदार्थात मुरतो. तो आधी क्रीममध्ये, लोण्यात किंवा तुपात सावकाश उतरवून घेतला आणि मगच चॉकलेटला भेटवला, तर आपल्या दोन्ही तक्रारी बहुतांशी दूर होतील.

आधी त्या गोळ्याविषयी. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये पसरलेले साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण. त्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसतोच. अशा मिश्रणात दोन चमचे पाणी पडले की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि प्रवाही चॉकलेट आवळून येते. गंमत अशी की थोडे पाणी घातक ठरते, पण पुरेसे पाणी घातक ठरत नाही. क्रीममध्ये निम्म्याहून अधिक पाणीच असते, तरी ते योग्य प्रमाणात घातल्यावर साखर पूर्ण विरघळते, स्निग्धांशाचे बारीक थेंब पाण्यात पसरतात आणि आपण ज्याला गनाश म्हणतो ते तुकतुकीत मिश्रण तयार होते. म्हणून पुन्हा कधी असा गोळा झाला तर टाकून देऊ नका. त्यात चमचा चमचा गरम क्रीम घालत मधोमध घोटत राहा, म्हणजे ते सैल होऊन गनाशच होईल. गुलाबपाणी घालायचेच असेल, तर ते आधी क्रीममध्ये मिसळावे आणि तितके क्रीम कमी करावे.

तरीही माझ्या मते एकट्या गुलाबपाण्यावर ट्रफल उभा राहत नाही आणि याला कारण आहे. गुलाबाच्या वासात अनेक घटक असतात. त्यांपैकी फेनिलइथाइल अल्कोहोल हा मवाळ, मधाळ वासाचा घटक पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून ऊर्ध्वपातन करताना तो मोठ्या प्रमाणात गुलाबपाण्यात जातो. जेरानिऑल आणि सिट्रोनेलॉल हे टवटवीत वासाचे घटक मात्र तेलाकडे ओढ घेतात. परिणामी बाटलीतल्या गुलाबपाण्यात गुलाबाची एकच बाजू उरते आणि कोकोच्या कडवटपणापुढे ती टिकत नाही. ती जाणवावी म्हणून आपण प्रमाण वाढवत जातो आणि गनाश पातळ होऊन बसते.

साबणाच्या चवीचे मूळही इथेच आहे. हेच जेरानिऑल, सिट्रोनेलॉल, लिनलूल गेली कित्येक दशके साबणांत आणि पावडरींत वापरले जात असल्यामुळे ते सुटे आणि ठळकपणे समोर आले की मेंदूला न्हाणीघरच आठवते. स्वस्त इसेन्समध्ये असे मोजके दोन-चार घटक असतात. खऱ्या पाकळीत त्यांच्याबरोबर किंचित तुरटपणा, हिरवेपणा आणि मधासारखी छटाही येते, म्हणून तिचा वास खाण्याजोगा वाटतो. गोड आणि स्निग्ध पदार्थात, आंबट किंवा खारट असे काहीच सोबत नसताना, हा साबणाचा भास अधिक होतो. त्यावर माझे दोन उपाय आहेत. एक म्हणजे गनाशमध्ये चिमूटभर मीठ न चुकता घालणे. दुसरा म्हणजे गुलाबाला आंबटसर जोडीदार देणे, जसे वाळवलेल्या रासबेरीची पूड किंवा लिंबाच्या सालीचा अगदी बारीक कीस. लिचीही गुलाबाला फार शोभते, कारण रोझ ऑक्साइड नावाचा वासाचा एक घटक दोहोंतही आहे. पण ताजी लिची पाणी सोडते, म्हणून ट्रफलमध्ये ती मी घालत नाही.

आता फुलांकडे वळू. इथे मी जरा कडक बोलणार आहे. हार-गजऱ्यांसाठी विकली जाणारी फुले खाण्यासाठी पिकवलेली नसतात. त्यांवर कोणती औषधे कधी फवारली हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि घरी आणून धुतल्याने ती पूर्ण जातात असेही नाही. फूलबाजारातले लांब दांड्याचे गुलाब तर वासालाही कच्चेच असतात. आपल्याला हवा तो गावठी गुलाब, म्हणजे गुलकंदाला वापरतात तो, पातळ पाकळ्यांचा आणि दाट वासाचा. घरच्या कुंडीतला किंवा औषध न मारणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या परसातला असेल तर उत्तम. तो न मिळाल्यास खाण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वाळलेल्या पाकळ्या घ्याव्यात. त्यांचा वास थोडा वेगळा, चहाच्या वळणाचा येतो, पण तो खोटा नसतो.

वास चांगला म्हणून कोणतेही फूल स्वयंपाकघरात आणू नये, हेही सांगितलेच पाहिजे. रातराणी विषारी आहे. कण्हेर आणि पिवळी बिट्टी या तर जिवावर बेतण्याइतक्या विषारी आहेत. तगर, धोतरा, घाणेरी यांचे फूल सजावटीसाठीसुद्धा ट्रफलवर ठेवू नये. मोगऱ्याच्या बाबतीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार आहे. उन्हाळ्यात माठाच्या पाण्यात वाळ्याबरोबर मोगऱ्याची फुले सोडण्याची रीत आपणही पाहिली असेल. अत्तर मात्र कितीही अस्सल असले तरी घालू नये. परंपरेने ते चंदनाच्या तेलावर धरतात, आणि आजकालच्या बहुतेक बाटल्यांत त्याजागी खाण्यास अयोग्य अशी रसायने असतात. अत्तर अंगाला लावण्यासाठी असते.

गुलाबाची कृती तुलनेने सोपी आहे, म्हणून तिथून सुरुवात करावी असे मी सुचवीन. चाळीस ट्रफलसाठी मी ५५ टक्के कोकोचे ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट, पाकळ्या मुरवून गाळलेले १५० ग्रॅम क्रीम, २० ग्रॅम बिनमिठाचे लोणी आणि १५ ग्रॅम मध घेते. पाकळ्या बरेचसे क्रीम शोषून घेतात, म्हणून सुरुवात २०० ग्रॅम क्रीमने करावी आणि त्यात सुमारे २० ग्रॅम ताज्या पाकळ्या घालाव्यात. फुले मोजू नयेत, पाकळ्या वजन करून घ्याव्यात. कारण पावसाळ्यातले फूल आणि उन्हाळ्यातले फूल आकाराने सारखे दिसले तरी वजनाने सारखे नसते. पाकळीच्या बुडाशी जो पांढरा भाग असतो तो कडवट असतो, तो कात्रीने कापून टाकावा. चाळीस मिनिटांचे हे काम कंटाळवाणे वाटेल, पण ते वगळू नये. पाकळ्या थंड पाण्यात अलगद बुडवून, पंचावर पसरून पूर्ण कोरड्या कराव्यात, हाताने किंचित चुरडाव्यात, क्रीममध्ये दाबून बुडवाव्यात आणि झाकण लावून भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. बारा तासांनी चव घ्यावी. अठरा तासांच्या पुढे मी सहसा जात नाही, कारण त्यानंतर सुगंध फारसा वाढत नाही आणि तुरटपणा मात्र उतरत राहतो.

क्रीम गाळताना पाकळ्या पिळू नयेत. चाळणीत ठेवून नुसत्या चमच्याने हलक्या दाबाव्यात. गाळलेल्या क्रीमला सुंदर गुलाबी रंग येईल अशी आपली अपेक्षा असेल, तर ती सोडून द्यावी. गुलाबाचा लाल रंग आंबटपणात खुलतो. क्रीममध्ये आंबटपणा नसल्यामुळे तो मळकट जांभळट दिसतो. क्रीम नासले की काय, अशी शंका मला पहिल्या वेळी आली होती. ते नासलेले नसते, आणि डार्क चॉकलेटमध्ये तो रंग दिसतही नाही. रंगासाठी त्यात अंबाडीची फुले किंवा लिंबू घालण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यांच्या आंबटपणाने क्रीम फाटते.

आता अनेकजण विचारतात की, पाकळ्या क्रीममध्ये घालून सरळ उकळल्या तर काय बिघडते? बरेच बिघडते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी एका डोहाळजेवणासाठी मी मोगऱ्याच्या कळ्या क्रीममध्ये दहा मिनिटे उकळल्या होत्या. घरभर सुगंध दरवळला आणि मी खूश झाले. संध्याकाळी गनाश चाखले तेव्हा त्यात उकडलेल्या पालेभाजीसारखी चव होती आणि मोगऱ्याचा मागमूसही नव्हता. जो सुगंध घरभर पसरला तो भांड्यातून निघून गेलेला होता, हे मला त्या दिवशी कळले. स्वयंपाकघरात वास येत असेल तर तितका तो पदार्थातून कमी होत आहे असे समजावे. म्हणून गाळलेले क्रीमही उघड्यावर उकळू नये. ताज्या पाकळ्या त्यात मुरलेल्या असल्याने ते एकदा नीट तापवणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक आहे. पण घट्ट झाकणाच्या लहान भांड्यात, मंद आचेवर, कडेला बारीक बुडबुडे दिसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून लगेच उतरवावे, आणि दोन मिनिटे झाकण काढू नये. स्निग्धांशात मुरलेला वास एवढ्या उष्णतेला पुरतो.

क्रीम कोणते, हे आपल्या गावात काय मिळते त्यावर अवलंबून आहे. माझे वरचे प्रमाण ३५ टक्के स्निग्धांशाच्या दुधाच्या क्रीमचे आहे. आपल्याकडे सर्वत्र मिळणाऱ्या अमूलसारख्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो, म्हणजे पाणी अधिक असते. ते वापरल्यास १५० ऐवजी १३० ग्रॅम घ्यावे आणि लोणी २० ऐवजी ३० ग्रॅम करावे. केकच्या सजावटीसाठी मिळणारे वनस्पती तुपाचे गोड व्हिपिंग क्रीम मात्र घेऊ नये. टाळूला त्याचा थर बसतो आणि फुलाचा नाजूक वास त्या थराखाली दडपला जातो. घरची सायही नको. ती रवाळ असते आणि लवकर आंबते.

चॉकलेटच्या बाबतीतही असेच आहे. पुडक्यावर कोको बटर लिहिलेले असावे. कंपाऊंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. ते हाताळायला सोपे, पण तोंडात वेगळ्या रीतीने वितळते. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते. ट्रफल जिभेवर ठेवल्याबरोबर तो विरघळतो आणि त्याच क्षणी आत कोंडलेला सुगंध नाकाच्या मागच्या बाजूने वर चढतो. फुलांच्या ट्रफलचा सगळा आनंद त्या एका क्षणात असतो, आणि कंपाऊंडमध्ये नेमका तोच क्षण लांबतो. कोकोचे प्रमाण ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास असावे. ७० टक्क्यांचे चॉकलेट मला स्वतःला फार आवडते, पण गुलाबाला ते बोलू देत नाही. कोकोच्या बियांतही लिनलूल हा फुलांच्या वासाचा घटक मुळात असतोच, आणि इक्वेडोरचा नासिओनाल नावाचा कोको तर त्याच्या फुलांसारख्या गंधासाठीच नावाजलेला आहे. तसे चॉकलेट हाती आले तर गुलाब निम्माच घालावा. बाकीचे काम चॉकलेट करते.

गनाश जमवताना बारीक चिरलेले चॉकलेट आधी अर्धवट वितळवून घ्यावे, त्यावर मध घातलेले गरम क्रीम तीन हप्त्यांत ओतावे आणि प्रत्येक वेळी भांड्याच्या मध्यापासून लहान वर्तुळात घोटत बाहेर यावे. पहिल्या हप्त्यानंतर मिश्रण फाटल्यासारखे, तेलकट दिसेल. घाबरू नये, तिसऱ्या हप्त्यापर्यंत ते चकाकू लागते. मिश्रण हाताला कोमट लागेल इतके, म्हणजे ३५ ते ४० अंशांवर आले की मऊ लोणी आणि मीठ घालावे. शेवटीही कडेला तेल सुटलेले दिसले, तर चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा मधून घोटावे.

या टप्प्यावर चव घेऊन निर्णय करू नका, ही माझी खास विनंती. कोमट गनाशचा वास नेहमीच खरा असतो त्यापेक्षा जास्त वाटतो, आणि फ्रिजमधून काढलेल्याचा कमी. ते झाकून रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी लहानसा तुकडा खोलीच्या तापमानाला आणून चाखावा. तेव्हाही गुलाब कमी वाटला तर क्रीमचे प्रमाण न बदलता खाण्यायोग्य गुलाबतेलाचा एखादा थेंब दहा ग्रॅम वितळलेल्या कोको बटरमध्ये मिसळून, त्यातला पाव भाग घालून पाहावा. सगळा थेंब एकदम घालू नये. तीन-चार हजार किलो पाकळ्यांतून जेमतेम एक किलो तेल निघते, यावरून एका थेंबात किती फुले आहेत याची कल्पना येईल. शक्यतो मात्र मी थेंब घालत नाही, पुढच्या वेळी पाकळ्या वाढवते.

मोगऱ्याची गोष्ट वेगळी आहे आणि मला त्यावर थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण बहुतेकजण गुलाबाचीच कृती मोगऱ्याला लावतात आणि निराश होतात. गुलाबाच्या पाकळीत सुगंध बऱ्यापैकी साठलेला असतो. तोडल्यानंतर तो काढून घ्यायचा असतो. मोगऱ्याची कळी तोडली तरी जिवंत असल्यासारखी वागते. दुपारी खुडलेली मिटलेली कळी संध्याकाळी उमलते आणि रात्रभर सुगंध तयार करत राहते. म्हणून तिला क्रीममध्ये बुडवून मारणे म्हणजे येणारा सुगंध येण्याआधीच थांबवणे होय. फ्रिजच्या थंडीतही ती नीट उमलत नाही. तिला रात्रभर ऊब हवी, मोकळी हवा हवी आणि शेजारी वास टिपून घेणारा स्निग्ध पदार्थ हवा.

ही युक्ती जुनी आहे. चीनमध्ये मोगऱ्याचा चहा असाच करतात. उमलत्या कळ्या रात्री चहापत्तीत मिसळतात आणि सकाळी काढून टाकतात. आपल्याकडे उत्तर भारतात तिळांत चमेलीच्या फुलांचे थर देऊन, ती फुले रोज बदलून, मग त्या तिळांचे सुगंधी तेल काढण्याची पद्धत आहे. आणि चॉकलेटच्या बाबतीत तर सतराव्या शतकातले फ्लोरेन्सचे उदाहरणच आहे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याच्या दरबारातले वैद्य फ्रान्चेस्को रेदी यांनी भाजलेल्या कोकोच्या बियांत ताज्या जाईसारख्या फुलांचे थर द्यायचे, दिवसभराने फुले बदलायची, आणि असे दहा-बारा वेळा करायचे, अशी कृती बसवली होती. ती दरबाराचे गुपित म्हणून जपली गेली. इतक्या वर्षांनंतरही मला या पद्धतीत सुधारण्यासारखे फारसे काही सापडलेले नाही.

क्रीम रात्रभर बाहेर ठेवता येत नाही, ते नासेल. म्हणून मी साजूक तूप वापरते. तुपात पाणी नसते, ते बाहेर टिकते, आणि मऊ असल्यामुळे वास झटकन धरते. नेहमीचे खमंग कढवलेले तूप मात्र चालत नाही, त्याचा स्वतःचा वास मोगऱ्यावर कुरघोडी करतो. गोड, न आंबवलेल्या लोण्याचे, अगदी मंद आचेवर, बेरी तांबूस होण्याच्या आधीच उतरवलेले फिकट तूप घ्यावे. ते साधारण ४० ग्रॅम घेऊन काचेच्या पसरट थाळीत पातळ पसरावे. संध्याकाळी उमलू लागलेल्या कळ्यांचे हिरवे देठ काढून, मुंग्या-किडे झटकून, पूर्ण कोरडी फुले एकेक करून तुपावर पालथी मांडावीत. दाबू नयेत, नुसती टेकवावीत. वर दुसरी थाळी उपडी घालून ती ओट्यावर ठेवावी. सकाळी फुलांच्या कडा तपकिरी झालेल्या दिसतील. ती लगेच चिमट्याने उचलून टाकावीत, कारण कोमेजलेल्या मोगऱ्याचा वास जड आणि कुबट होतो व तोही तूप तितक्याच तत्परतेने धरते. त्या संध्याकाळी ताजी फुले मांडावीत. असे चार रात्री करावे. पहिल्या सकाळी तुपाला जेमतेम वास येतो आणि हे काही साधणार नाही असे वाटते. तिसऱ्या सकाळी वरची थाळी उचलताच उत्तर मिळते. शेवटी तूप कोमट करून लहान वाटीत ओतावे, फुलांनी सोडलेले पाण्याचे थेंब तळाशी बसू द्यावेत आणि वरचे तूप अलगद काढून घ्यावे.

मोगऱ्यासाठी मी व्हाइट चॉकलेट घेते. ते ३०० ग्रॅम, क्रीम १०० ग्रॅम आणि लोण्याऐवजी हे मोगऱ्याचे तूप ३० ग्रॅम. व्हाइट चॉकलेटमध्ये कोकोचा घट्टपणा देणारा भाग नसल्याने क्रीम कमी ठेवावे लागते. गोडी फार होते, ती तोडायला मिठाची चिमूट जरा सढळ हाताने घालावी आणि ट्रफल लहान, दहा ग्रॅमचाच वळावा. तूप कोमट गनाशमध्ये सर्वांत शेवटी घालावे, म्हणजे त्याला गरम क्रीमची झळ लागत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ सांगते, मोगरा सोडून द्यावा आणि अर्धे ट्रफल गुलाबाचे, अर्धे केवड्याचे करावेत. केवड्याचे पाणी वासाने इतके जोरकस असते की क्रीममध्ये अर्धा चमचा पुरतो, त्याने गनाशही बिघडत नाही, आणि डार्क चॉकलेटशी केवड्याचे चांगले जमते.

राहता राहिला श्रावणातला दमटपणा, आणि आपल्या बेतात हीच सर्वांत अनिश्चित बाब आहे. आपण कोकणात असाल तर त्रास अधिक, नाशिक-पुण्याकडे असाल तर थोडा कमी. नुसत्या कोको पावडरीत घोळवलेले ट्रफल पावसाळी हवेत दोन तासांत ओलसर होतात. म्हणून गोळ्यांना आधी चॉकलेटचा पातळ लेप द्यावा आणि त्यावर पावडर किंवा वाळलेल्या पाकळ्यांचा चुरा लावावा. लेपाच्या चॉकलेटचे टेंपरिंग करावे लागते, म्हणजे ते चकाकी धरून घट्ट व्हावे म्हणून ठरावीक तापमानांवर आणावे लागते: दोन तृतीयांश डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवावे, उरलेले बारीक चिरून त्यात घालावे आणि ढवळत ढवळत ३१-३२ अंशांवर आणावे, व्हाइट चॉकलेट असेल तर २८-२९ अंशांवर. सुरीच्या टोकाला लावलेला थेंब पाच मिनिटांत चकाकी धरून घट्ट झाला की समजावे जमले. खोली थंड असावी, २२ अंशांच्या आसपास; घरी एसीची खोली असेल तर तिथेच पाट मांडून बसावे. गोळे फ्रिजमधून काढून लगेच बुडवू नयेत. ते अर्धा तास बाहेर ठेवावेत, नाहीतर आतला गारठलेला गोळा नंतर प्रसरण पावतो आणि लेपाला तडा जातो.

दिवसांचा हिशेब असा धरावा: मंगळागौर मंगळवारी आहे, तर मोगऱ्याच्या चार रात्री आदल्या मंगळवारपासून सुरू कराव्यात, म्हणजे शनिवारी सकाळी तूप तयार असेल. शुक्रवारी रात्री गुलाबाच्या पाकळ्या क्रीममध्ये घालाव्यात, शनिवारी दुपारी दोन्ही गनाश करावेत, रविवारी गोळे वळून लेप द्यावा आणि सोमवारी नुसती विश्रांती घ्यावी. त्या एका दिवसात सुगंध ट्रफलभर सारखा पसरतो आणि चव स्थिरावते. गुलाब आणि मोगरा वेगवेगळ्या हवाबंद डब्यांत ठेवावेत, आणि त्या फ्रिजमध्ये चिरलेला कांदा किंवा फणस असू नये, कारण जी स्निग्धता मोगरा टिपते तीच कांदाही टिपते. असे ट्रफल फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस उत्तम राहतात. त्यापुढे ते खराब झाले नाहीत तरी फुलाचा वास उडू लागतो.

मंगळवारी डबे फ्रिजमधून काढले की तासभर झाकण उघडू नये. थंड ट्रफलला पावसाळी हवा लागली तर त्यावर दव जमते, साखर वर येते आणि पांढुरके डाग पडतात. बंद डब्यातच तो खोलीच्या तापमानाला आला तर दव डब्याच्या बाहेरच्या अंगावर जमते. सवाष्णी फराळाला बसल्या की डबे बाहेर काढावेत आणि फराळ आटोपताना झाकण उघडावे. मोगऱ्याचा डबा आधी उघडावा, कारण गुलाबानंतर मोगरा नाकाला तितकासा जाणवत नाही.